सव्वाचारची सावली

१

सकाळी उठलं की धाकटी चहाच्या आधी टाकीच्या पाण्यात बोट बुडवायची आणि ते जिभेवर टेकवायची. खारटपणा मोजायची काचेची नळी तिच्याकडे होती. दिवसातून दोनदा ती पाण्यात सोडून आकडाही बघायची. पण नळीपेक्षा तिचा जिभेवर भरवसा जास्त.

एकोणीस वर्षं ती हेच काम करत होती. दातांच्या दवाखान्यांत, हॉटेलांच्या दर्शनी भागात, पैसेवाल्यांच्या बैठकीत समुद्राच्या पाण्याच्या ज्या टाक्या असतात, त्यांच्या काचा घासायच्या, मीठ कालवायचं, मेलेला मासा मालकाच्या नजरेस पडायच्या आत उचलायचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण तोंड असं की पदवीधराने गप्प बसावं. ‘पाण्याशी खेळायचं असेल तर मला बोलावू नका, मासे पुरायला माळी बोलवा,’ असं ती भल्याभल्यांना सुनवायची. तरी लोक तिलाच बोलवायचे, कारण तिच्या हातचा मासा जगायचा.

तिचं गणित सोपं होतं. मासा जिथला असेल तिथलं सगळं त्याला द्यायचं. तिथल्याइतकं खारट, तिथल्याइतकं कोमट, तिथल्यासारखी लाट, तिथल्यासारखं ऊन. त्यात काही कमी पडलं तर मासा लगेच मरत नाही. रुसतो. आणि रुसलेला मासा मेलेल्यापेक्षा वाईट, कारण मरेपर्यंत तो तुमच्याकडे बघत राहतो.

घरातली टाकी चार फुटी. एका दातांच्या डॉक्टरने दवाखाना बंद केला तेव्हा ती मासे-दगडांसकट हिच्या गळ्यात पडली. हिने ती बाहेरच्या खोलीत, अक्काच्या पलंगासमोर मांडली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच हिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं आणि वेळ पडली तेव्हा बदडलंही. गणवेश शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीन चालवलं. सहा महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला आणि वाचाही गेली. धाकटीला सगळ्यात जास्त ते शेवटचंच सलायचं. जिने कारखान्यातल्या तीन सुपरवायझरांना रडवलं, ती बाई आता चमचा पुढे केला की नुसती मान वळवायची.

डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की महिन्याभरात ही नीट खायला लागली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. व्यायाम द्यायला येणारा तरुण म्हणायचा, हात परत यायचा असेल तर आत्ताच येईल, नंतर नाही. धाकटीने दोघांचं ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं. नळी लागू द्यायची नाही, आणि हात परत आणायचा. ठरवलं की करून सोडायचं, ही तिची जुनी खोड.

२

टाकीत सात क्रोमिस मासे होते. बोटाएवढे, हिरवट-निळे, ओल्या पानावर ऊन पडावं तसे चमकणारे. समुद्रात ते शेकड्यांनी राहतात आणि सगळे मिळून एका अंगाने वळतात. अक्काला बघायला बरं वाटेल, म्हणून हिने ते ठेवून घेतले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्यातला सगळ्यात अशक्त हेरला. त्याला कोपऱ्यात घेतलं, शेपटी कुरतडली, आणि तिसऱ्या दिवशी तो दगडाखाली उताणा मिळाला. मग उरलेल्या सहांतला सगळ्यात अशक्त. मग पाचांतला.

धाकटीने सगळं तपासलं. खारटपणा चोख होता. ऊब चोख होती. लाट दर सहा तासांनी दिशा बदलत होती. सकाळी निळा दिवा मंद लागायचा, दुपारी पांढरा प्रखर, संध्याकाळी परत निळा, अगदी तिकडे उजाडतं-मावळतं तसं. तिने फांद्याफांद्यांचं एक मोठं प्रवाळही आणून मध्ये ठेवलं. त्यात मासे जायचे नाहीत. उघड्यावर फिरायचे, आणि एकमेकांच्या मागे लागायचे.

आणि अक्का ते बघायची. पलंगावर उशांना टेकून, तोंड टाकीकडे, दिवसभर. तिसरा मासा मेला त्या दिवशी तिने पाणीसुद्धा ओठाला लावून घेतलं नाही. दिवसा तिच्यापाशी थांबायला एक सांभाळणारी बाई ठेवली होती, ती धाकटीला म्हणाली, ताई, ही टाकी इथून हलवा, बघवत नाही. धाकटीने तिला तुझं काम तू बघ म्हणून झापलं. पण रात्री भांडी घासताना तिला वाटलं की बाई बोलली ते खोटं नव्हतं. समोर रोज एक अशक्त जीव मारला जातोय, आणि आपण ते अक्काला उशा देऊन दाखवतोय.

३

हे मासे ज्याने समुद्रातून पकडून आणले होते, त्या म्हाताऱ्या पाणबुड्याकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. बंदरामागच्या एका गोदामात त्याचे पाण्याचे हौद होते. तो काठीने एक हौद ढवळत होता. हिने दारातूनच भांडण काढलं. म्हणाली, तिथलं सगळं दिलंय मी त्यांना. मीठ, ऊब, लाट, ऊन. काय राहिलं ते सांग, नाहीतर तुझा माल खराब आहे असं दहा दवाखान्यांत सांगेन.

तो हसला. “भीती राहिली,” म्हणाला.

मला शहाणपण शिकवू नकोस, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने काठी बाजूला ठेवून नीट सांगितलं. तिकडे ऊन कलायला लागलं, म्हणजे आपल्या सव्वाचारच्या सुमाराला, त्या खडकांच्या वरून काहीतरी जातं. रोज. त्याची सावली खाली पडली की हे सगळे मासे प्रवाळाच्या फांद्यांत शिरतात, अंगाला अंग लावून, लहान-मोठा न बघता. सावली गेली की बाहेर येतात आणि जन्मात खाल्लं नसल्यासारखे खातात. तुझ्या टाकीत त्यांना कुणाचा धाक नाही, तो म्हणाला. रिकामे आहेत. रिकामी माणसं काय करतात, तेच ते करतायत.

“पण जातं काय वरून? शार्क?”

त्याने काठी परत हातात घेतली. “चाळीस वर्षं बुडतोय मी. ते जाताना मीही दगडाला चिकटून बसतो. मान वर नाही केली कधी.”

“घाबरट आहेस.”

“आहे ना,” तो म्हणाला. “म्हणून तर अजून आहे.”

४

धाकटीला म्हाताऱ्याचा राग आला, पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. तिच्याच गणिताने तिला पकडलं होतं. तिथलं सगळं द्यायचं म्हणजे सगळं. आपण तिथलं चांगलं-चांगलं तेवढं दिलं आणि त्याला घर म्हटलं.

रविवारी तिने पुठ्ठ्याचा एक हातभर तुकडा कापला. पाणबुड्याने त्या सावलीचा आकार हवेत बोट फिरवून दाखवला होता, साधारण तसा. सव्वाचारला ती टाकीच्या मागे उभी राहिली आणि तो पुठ्ठा दिव्याच्या खालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अकरा आकडे मोजत सावकाश नेला.

चारही मासे जागच्या जागी थिजले. मग एका झेपेत प्रवाळात शिरले. ज्याची शेपटी कुरतडलेली होती तोही, आणि ज्याने कुरतडली तोही, एकाच फांदीत, गालाला गाल लावून. पुठ्ठा गेला. दोन मिनिटांनी ते बाहेर आले आणि हिने टाकलेला चारा तुटून पडून खाल्ला. कुणी कुणाच्या मागे लागलं नाही.

तिने सवयीने अक्काकडे बघितलं. अक्काचे डोळे मोठे झाले होते. श्वास भरभर चालला होता. धाकटी घाबरून जवळ गेली आणि उशापाशी तशीच राहिलेली भाताची वाटी बाजूला करायला उचलली, तर अक्काने तोंड उघडलं. मऊ भाताचे सात चमचे गेले. आठव्याला तिने चमचा दातांत धरून ठेवला.

धाकटी त्या रात्री न्हाणीघरात जाऊन रडली. रडताना आपल्याला कुणी बघितलेलं तिला चालायचं नाही.

५

रोज सव्वाचारला घरी असणं तिला परवडणारं नव्हतं. सांभाळणाऱ्या बाईने पुठ्ठा हातात घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा धाकटीने खेळण्यातल्या गाडीची मोटर काढली, दोन चाकं, थोडी दोरी आणि वेळेवर चालू-बंद होणारं एक बटण जोडलं, आणि टाकीच्या झाकणात यंत्र बसवलं. सव्वाचार वाजले की पुठ्ठा आपोआप जायचा आणि परत यायचा. ते चाललं तेव्हा ती स्वतःवरच इतकी खूश झाली की पाणबुड्याला फोन करून तिने दोन शिव्या हासडल्या.

दीड महिना फार चांगला गेला. चार मासे चारच राहिले, जाडजूड झाले, रंग भरून आला. अक्का रोज जेवायला लागली. नळीचं नाव डॉक्टरने सोडलं. मग एके दिवशी धाकटी घरी येत होती, तर व्यायामवाला जिन्यावरून पळत खाली आला आणि म्हणाला, आज हिच्या डाव्या अंगठ्याने माझं बोट दाबलं.

त्याच आठवड्यात धाकटीने मोटरचे सेल बदलायला झाकण उघडलं. सेल फुटून पांढरे झाले होते. मोटर मिठाने गंजून एकजीव झालेली. पुठ्ठा डाव्या टोकाला अडकलेला, वाफेने फुगून वाकलेला. दोरीवर कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि त्या जाळ्यावर मिठाची जाड पांढरी साय बसली होती. अशी साय बसायला किती दिवस लागतात, ते तिच्याइतकं नीट कुणाला माहीत नव्हतं. चार आठवडे, कमीत कमी.

काल सव्वाचारला ती घरीच होती. मासे फांदीत गेलेले तिने स्वतः बघितले होते.

६

तिने स्वतःची समजूत घातली. माशाला वेळ कळते. चाऱ्याची वेळ कळते, तशी भीतीची कळली असेल. पंधरा दिवस पुठ्ठा गेला, त्यांच्या अंगात मुरलं, आता पुठ्ठा नसला तरी लपतात. यात विशेष काय. तिने यंत्र काढून टाकलं, झाकण पुसून ठेवलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग एकदा दिव्याची कुरकुर आली. सांभाळणारी बाई म्हणाली की दुपारी दिवा जरा बसतो आणि परत उठतो. धाकटीने वीज कमी-जास्त होत असेल म्हणून सांगितलं. त्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. तिथून पक्ष्याची सावली यायचाही संभव नव्हता. म्हणजे वीजच.

मग तिच्या लक्षात आलं की बाईची खुर्ची स्वयंपाकघरात गेली आहे. विचारलं, तर बाई जरा गोंधळली. चार वाजले की मी इकडेच येऊन बसते, म्हणाली. का ते माहीत नाही. धुणं-भांडं काही नसतं तेव्हा. दारही लावून घेते.

“पगार तिच्याजवळ बसायचा घेतेस.”

“हो ना, ताई. उद्यापासून बसते,” बाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी परत खुर्ची आतच.

धाकटीने तिला काढून टाकायला हवं होतं. ती नेहमीची धाकटी असती तर उभ्या-उभ्या काढली असती. पण अक्काचा हात येत होता. व्यायामवाला चक्रावला होता. म्हणायचा, सकाळी धरला तर ओल्या फडक्यासारखा असतो, संध्याकाळी धरला तर जोर असतो, दुपारी तुम्ही हिला करायला देता तरी काय. कारखान्यात अक्काचा डावा हात कापड सुईखाली सरकवायचा, दिवसाला चारशे बाह्या. तसाच तो आता चादर सरकवायला लागला होता. आणि पाय. दुपारनंतर घरी आलं की अक्काचे दोन्ही पाय पोटाशी घेतलेले असायचे. आठ महिने जो पाय उचलून ठेवावा लागायचा, तोही.

हे सगळं कशाने होतंय, ते धाकटीला कुठेतरी कळलं होतं. तिने ते वर येऊ दिलं नाही. हात येतोय ना, मग येऊ दे.

७

शेवटी तिलाच राहवेना. एका बुधवारी तिने कामं रद्द केली, बाईला सुटी दिली, आणि टाकीशेजारी स्टूल घेऊन बसली. ठरवलं होतं की जे काय असेल ते मान वर करून बघायचं. पाणबुड्यासारखं नाही करायचं.

चार वाजून दहा मिनिटं. पंपाची घरघर, बुडबुड्यांची पुटपुट, खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडलेला. चार चौदा. पंपाचा आवाज जरा खाली उतरला, कुणी त्याच्यावर हात ठेवावा तसा. मासे गेले फांदीत. पलंगावर चादर सरकल्याचा आवाज झाला आणि अक्काचे पाय वर गेले.

भिंतीवरचा उजेड दाराकडून कमी व्हायला लागला.

तिच्या पुठ्ठ्याची सावली टाकीच्या लांबीने जायची. ही तशी नव्हती. ही स्वयंपाकघराच्या बाजूने आली आणि खोली आडवी ओलांडत गेली, घाई न करता. तिचा पुढचा काठ कपाटावर चढला, पलंगावर आला, अक्काच्या गुडघ्यांवरून गेला, पलीकडच्या भिंतीला लागला. मागचा काठ अजून दारातून आत आला नव्हता. धाकटी आकडे मोजत होती. अकरा झाले. पंधरा झाले. एकोणिसाव्या आकड्याला भिंत परत उजळली.

उजळली तेव्हा ती स्टुलावर नव्हती. फरशीवर होती, टाकीखालच्या लोखंडी घोड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल थंड लोखंडाला लावून. आपण कधी खाली आलो ते तिला आठवेना. मान वर करायचं तर तिने खरोखर ठरवलं होतं. मान वळली नव्हती इतकंच.

मासे बाहेर आले. पलंगावरून आवाज आला.

“भूक.”

आठ महिन्यांतला अक्काचा पहिला शब्द. धाकटीने उठून ताट वाढलं. आणि वाढता वाढता स्वतःच ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातलं हाताने खाल्लं, बकाबका. तिलाही कडकडून भूक लागली होती.

८

रात्रभर विचार करून तिने सकाळी निकाल लावला. हात आला नाही तर नाही आला. वाचा एका शब्दावर राहिली तर राहिली. आपण पुठ्ठा फिरवून जे आपल्या घरात बोलावलं, ते घरातून घालवायचं. हे ज्यांचं आहे त्यांच्याबरोबर जाऊ दे.

चारही मासे पिशवीत भरून तिने पाणबुड्याला दिले आणि जिथून आणलेस तिथेच सोड म्हणून बजावलं. त्याने का ते विचारलं नाही. दुपारपर्यंत त्याचा निरोप आला, सोडले. तिने टाकी उपसली, वाळू काढली, प्रवाळ उन्हात ठेवलं, काच कोरडी पुसली. दिवा काढला. त्या दिवशी सव्वाचारला ती मिठाचं पाणी बादल्यांनी खाली नेत होती. वर आली तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. हिला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याचं काम टाळता येणारं नव्हतं. परत यायला पावणेपाच झाले. बाई स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली होती. दार उघडल्यावर म्हणाली की काही झालं नाही, ताई. फक्त आज जरा जास्त वेळ लागला. कशाला वेळ लागला, ते तिला सांगता येईना. पिशवी उचलून ती निघून गेली आणि परत कामाला आली नाही.

पलंग रिकामा होता.

अक्का कपाट आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत होती. पलंगापासून सहा पावलं. ती सरपटत गेली होती, आणि तिचे दोन्ही तळवे फरशीने सोलवटले होते. डावासुद्धा. इतर कुठल्याही दिवशी धाकटीने त्या डाव्या तळव्याचा मुका घेतला असता.

“मासे आण,” अक्का म्हणाली. स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात.

“सोडले गं. समुद्रात गेले ते.”

पूर्वी हिच्या हातून पाण्याचा हंडा फुटला की अक्का जशी बघायची, तशी तिने बघितलं. “पाच होतो आम्ही,” ती म्हणाली. “आता मी एकटी.”

९

मग धाकटीने सरळ अक्कालाच घरातून काढायचं ठरवलं. जे खोलीत येतं ते खोलीत येऊ दे, आपण खोलीतच नसलो म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला अक्काला चाकाच्या खुर्चीत बसवून तिने लिफ्टने खाली आणलं. इमारतीच्या आवारात, मोकळ्या आकाशाखाली, मधोमध खुर्ची लावली. ऊन स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नाही. चार मुली बॅडमिंटन खेळत होत्या. दोन बायका दोरीवर चादरी घालत होत्या. फाटकापाशी वॉचमन पेपर वाचत होता. इतकी माणसं बघून हिच्या जिवात जीव आला. तिने अक्काला संत्रं सोलून दिलं.

सव्वाचारला काही मिनिटं होती, तेव्हा मुलींचा खेळ सरकायला लागला. त्या थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत. खेळता खेळताच एकेक पाऊल मागे घेत भिंतीपाशी गेल्या. चादरी घालणाऱ्या बायका गप्पा मारत मारतच जिन्याच्या छपराखाली उभ्या राहिल्या, ओल्या चादरीचं टोक हातात तसंच. वॉचमनने पेपरातून डोळे न काढता खुर्ची फरफटत आपल्या खोपटात नेली. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

आवार मध्ये रिकामं झालं. त्या रिकामेपणात फक्त एक चाकाची खुर्ची होती.

संत्र्याच्या सालीवरचा उजेड जरा मळला. धाकटीने खुर्ची धरली आणि पळाली. जिन्याखाली पाण्याच्या पंपाची खोली होती, तिथे खुर्ची दामटून घुसवली आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. बाहेर किती वेळ गेला ते तिने मोजलं नाही. नंतर मुलींचा आवाज परत आवाराच्या मध्यातून यायला लागला.

अक्काने संत्र्याची फोड तोंडात टाकली. डाव्या हाताने.

१०

त्यानंतर धाकटीने दुपारची सगळी कामं सोडली. लोकांना म्हणाली, आता सकाळी बोलवा नाहीतर दुसरी बघा. नवे मासे आणायला ती पाणबुड्याकडे गेली, तर तो म्हणाला, मी आता बुडत नाही. गोदामातले हौद रिकामे होते. इतर कुणाकडून आणावेत, तर ते कुठले, त्यांच्या डोक्यावरून काय जात असेल, कुणी सांगावं. त्या वाटेला तिला परत जायचं नव्हतं.

मग उरलं होतं ते एकच, आणि ते तिला रडू न येता कळलं. एकटीला बाहेर ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी चार वाजता तिने दारं-खिडक्या लावल्या, कंबरेला पदर खोचला, आणि अक्काच्या पलंगावर चढली. पलंग भिंतीला लावलेला. भिंतीकडे अक्का, बाहेरच्या बाजूला ही. लहानपणी अशाच निजायच्या दोघी, फक्त तेव्हा बाहेरच्या बाजूला अक्का असायची. धाकटीने तसं बोलून दाखवलं. आता तुझी पाळी, असं अक्का म्हणाली की काय, ते तिला नीट ऐकू आलं नाही. हिने तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.  अक्काचा श्वास भरभर चालला होता, पण रंग छान होता. गाल भरले होते. दोन महिन्यांत बाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागली होती.

टाकी गेलेली, पंप गेलेला, त्यामुळे खोलीत आवाज असा नव्हता. तरी काहीतरी खाली उतरलं. कानांना कळलं ते.

दाराकडची भिंत मंदावली. धाकटीने गुडघे पोटाशी घेतले आणि तोंड उशीत खुपसलं. आकडे मोजायला सुरुवात केली. पाचाला पायांवर गार लागलं. नवाला पाठीवर. अकराला तिने स्वतःला सांगितलं की आता निम्मं गेलं.

एकोणीस झाले. वीस. तीस.

ते जात नव्हतं. ते वर थांबलं होतं, आणि दोघींतली कोण न्यायची, ते बघत होतं.

तेव्हा तिच्या पाठीला हात लागला. अक्काचा डावा हात. चाचपडत आला, तिच्या खांद्यामागच्या हाडावर टेकला, पंजा उघडला. पाचही बोटं तिला वेगवेगळी कळली. तिला वाटलं, बिचारी आधार शोधतेय. तिने आपला हात मागे नेला, तो धरायला.

हाताने तिला ढकललं.

जोरात नाही, रागाने नाही. सावकाश आणि सगळा जोर लावून, भिंतीपासून दूर, पलंगाच्या काठाकडे. थांबला, पकड बदलली, आणि परत ढकललं. किती ताकद होती त्यात. व्यायामवाला असता तर नाचला असता.

धाकटीचा एक पाय काठाबाहेर गेला. तिला अडवता आलं असतं. तिच्या अंगात अक्काच्या तिप्पट बळ होतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

तिने आणखी जागा करून दिली.